आठ तास झोपूनही थकलेल्या एका पेशंटचं सगळ्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

सर्व फॅमिली डॉक्टर आणि फिजिशियन मंडळींना सप्रेम नमस्कार,

तुमच्याकडे रोज कोणी ना कोणी येऊन सांगतं की डॉक्टर, फार थकवा आहे हो, दिवसभर अंगात त्राणच नसतं. तुम्ही विचारता झोप होते का नीट? पेशंट म्हणतो हो, झोप तर होते, सात-आठ तास झोपतो. आणि झोपेचा विषय तिथेच मिटतो. मग हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड, सगळं बघून होतं, रिपोर्ट नॉर्मल येतात, एखादं टॉनिक मिळतं आणि जाताजाता थोडा व्यायाम करा, टेन्शन घेऊ नका असं सांगितलं जातं. माझं हे सगळं पत्र त्या एका जागेबद्दल आहे, जिथे झोपेचा विषय मिटतो. तिथे न थांबता अजून एक प्रश्न विचारा एवढंच मागायला मी लिहायला बसले आहे. झोपून उठल्यावर तुम्हाला ताजं वाटतं का? बस, हा प्रश्न.

कारण आमच्यासारख्यांना झोप लागते, भरपूर लागते, पण ती अंगी लागत नाही.

हे ज्याला होत नाही त्याला सांगणं फार अवघड आहे तरी सांगते. उठल्या उठल्या थोडा वेळ जडपणा सगळ्यांनाच असतो, साधारण पंधरा-वीस मिनिटं, अर्धा तास, मग माणूस भानावर येतो. आमचं ते धुकं दुपारपर्यंत उतरत नाही. अलार्म वाजतो, हात आपोआप जाऊन तो बंद करतो, पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसते आणि तशीच बसून राहते, डोळ्यांच्या मागे जड, मान आखडलेली, तोंड कोरडं, रात्रभर कोणी ओझी वाहायला लावल्यासारखं अंग. आजारी आहे असं म्हणावं तर ताप नाही, सर्दी नाही. अकराच्या सुमाराला समोरचा ईमेल वाचायला घेतला की पहिली ओळ वाचून दुसरीवर जाईपर्यंत पहिली डोक्यातून गेलेली असते, परत वर यायचं, परत वाचायचं. रोजच्या वापरातला शब्द ऐनवेळी सुचत नाही, गॅसवर काही ठेवलंय हे विसरायला होतं, मूल काहीतरी सांगत असतं आणि आपण नुसती मान हलवत असतो. त्याला कळतं हो, आईचं लक्ष नाहीये ते. या गोष्टी कुठल्याच ब्लड रिपोर्टमध्ये येत नाहीत.

आता झोप होते का या प्रश्नाचं उत्तर पेशंटकडून खरं का मिळत नाही, ते सांगते. तुम्हाला माहीत आहेच पण ओपीडीच्या घाईत ते मागे पडतं म्हणून लिहिते. झोप म्हणजे एकसलग अंधार नसतो, साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्या असतात, त्यात हलकी झोप, गाढ झोप, मग स्वप्नांची झोप, आणि गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात येतो. या फेऱ्या मधेमधे तुटल्या तर तास पूर्ण भरतात पण काम होत नाही. आणि तुटायला माणूस टक्क जागा व्हावा लागत नाही, मेंदू तीन-चार सेकंद जागेपणाच्या पट्टीत आला तरी पुरतं, लॅबमध्ये तीन सेकंदांच्या वरचं असं जागं होणं मोजतातच. एवढ्या छोट्या जागेपणाची सकाळी आठवण राहत नाही. म्हणजे रात्रभरात शेकडो वेळा झोप तुटलेला माणूसही तुमच्यासमोर बसून अगदी प्रामाणिकपणे सांगणार की झोप छान होते डॉक्टर, आडवं पडलं की लगेच लागते. लगेच लागते हीसुद्धा दरवेळी चांगली खूण नसते, दोन मिनिटांत डोळा लागणं हे बरेचदा झोप अपुरी पडत असल्याचं लक्षण असतं. म्हणून तास विचारून काही हाती लागत नाही, सकाळ कशी जाते ते विचारा.

दुसरं विचारायचं ते हे की दिवसा पेंग येते का नुसता थकवा असतो. आम्ही लोक दोन्हीला थकवाच म्हणतो, त्यामुळे ते वेगळं काढायचं काम तुमच्याकडेच येतं. बसमध्ये खिडकीपाशी बसलं की डोळे मिटतात का, पुस्तक हातात घेतलं की पेंगता का, मिटिंगमध्ये झापड येते का? का मग दुपारी आडवं पडायला मिळालं तरी झोप येत नाही, नुसतं गळून गेल्यासारखं पडून राहावं लागतं? या दोन्हीच्या वाटा पुढे वेगळ्या निघतात. पेंग मोजायला एपवर्थची प्रश्नावली आहे, मेलबर्नच्या डॉक्टर मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये ती मांडली, आठ प्रसंग, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, एकूण 24 पैकी दहाच्या वर गेलं की नेहमीपेक्षा जास्त पेंग धरायची. दोन-तीन मिनिटांचं काम आहे, पेशंट बाहेर नंबरची वाट बघत बसलेला असतो तेव्हाच कागद हातात देता येतो. फक्त एक विनंती, त्यात मार्क कमी आले म्हणून तुम्हाला झोपेचा काही त्रास नाही असं म्हणून मोकळे होऊ नका. ती प्रश्नावली पेंग मोजते, थकवा मोजत नाही, आणि झोप बिघडलेले कितीतरी लोक, त्यातही बायका, पेंगत नाहीत, नुसत्या दमलेल्या असतात.

आता घोरण्याचं आणि श्वास अडण्याचं, म्हणजे स्लीप ॲप्नियाचं. याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय कारण माझी बरीच वर्षं इथेच गेली. स्लीप ॲप्निया म्हटलं की तुमच्याही डोळ्यांसमोर एकच माणूस येतो, पन्नाशीचा, जाड, आखूड मानेचा, घर दणाणून घोरणारा पुरुष. तसे पेशंट असतातच आणि त्यांनाही वेळेवर पकडलं पाहिजे. पण बारीक माणसाला होतो, जबडा लहान किंवा मागे असलेल्याला होतो, नाक कायम बंद असणाऱ्याला होतो, आणि बायकांना होतो, पाळी गेल्यावर तर धोका चांगलाच वाढतो. बायका येऊन घोरण्याची तक्रार कमी करतात, त्या म्हणतात थकवा आहे, रात्री सारखी जाग येते, सकाळी डोकं दुखतं, चिडचिड होते. आणि मग त्यांना आयर्न नाहीतर डिप्रेशनची गोळी मिळते. स्टॉप-बँग नावाची जी आठ प्रश्नांची चाळणी वापरतात तिच्यातले चार मुद्दे बघा, बीएमआय 35 च्या वर, वय पन्नाशीच्या वर, मानेचा घेर जास्त, आणि पुरुष असणं. आठपैकी तीनपेक्षा कमी उत्तरं हो आली की धोका कमी. म्हणजे चाळिशीच्या आतली बारीक बाई आली की अर्धी चाळणी तिच्यासाठी आधीच रिकामी, उरलेल्या चारातलं घोरणं आणि श्वास थांबणं हे तिला स्वतःला दिसत नाही. एखादी बाई एकटी झोपत असेल तर कोण सांगणार? म्हणून चाळणी वापराच, पण ती चाळणी आहे हे लक्षात ठेवून.

माझ्या बाबतीत घरी करायची टेस्ट झाली होती, बोटाला सेन्सर, नाकाशी नळी आणि छातीला पट्टा. रिपोर्ट आला नॉर्मल. ज्या डॉक्टरांनी तो बघितला त्यांनी फाईल बंद करून म्हटलं की झोप उत्तम आहे, मनावर घेऊ नका. मला तेव्हा खरंच वाटलं की माझ्याच मनाचं काहीतरी बिघडलंय, घरच्यांनाही तसंच वाटलं, आणि त्यानंतरचा काळ फार वाईट गेला. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते तुम्हा सगळ्यांपर्यंत पोचावं असं वाटतं. घरच्या बहुतेक टेस्टमध्ये मेंदूच्या लहरी नोंदवत नाहीत. त्यामुळे माणूस खरा झोपला किती ते कळत नाही, श्वास अडण्याच्या प्रसंगांना मशीन चालू होतं तेवढ्या सगळ्या वेळाने भागतात आणि तासाला किती वेळा श्वास अडला तो आकडा कमी येतो. शिवाय श्वासाला थोडा अडथळा आला, ऑक्सिजन फारसा खाली गेला नाही पण मेंदू दचकून जागा झाला, असे प्रसंग त्यात धरलेच जात नाहीत. तासाला पाचच्या आत म्हणजे नॉर्मल, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तिसाच्या वर गंभीर ही पट्टी बरोबर आहे, पण त्या पट्टीवर आकडा कुठल्या टेस्टमधून आला ते बघायला नको का? लक्षणं दणकून आहेत आणि घरची टेस्ट कोरी आली तर पुढची पायरी लॅबमधली रात्रभराची टेस्ट असते, अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हेच सांगितलंय. घरची टेस्ट हो म्हणाली तर ठीक, नाही म्हणाली तर तिथे थांबू नये.

लॅबमधली रात्र कशी असते तेही पेशंटला आधी सांगत जा, लोक उगाच घाबरतात. डोक्याला ठिकठिकाणी चिकट पेस्ट लावून तारा बसवतात, डोळ्यांच्या बाजूला, हनुवटीला, पिंढऱ्यांना पण, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. सगळ्या तारा एका डब्यात जातात, रात्री बाथरूमला जायचं तर तो डबा काढून सोबत न्यावा लागतो. वाटतं आता कसली झोप लागणार, पण लागते, थोडी वाईट लागली तरी त्यांना हवं ते मिळतं. सकाळी केसातली पेस्ट दोनदा धुवूनही पूर्ण निघत नाही. माझ्या रिपोर्टमध्ये पूर्ण श्वास बंद होणं कमीच होतं, पण श्वास ओढायला जोर लागतोय आणि त्या जोराने मेंदू जागा होतोय असं रात्रभर चालू होतं. स्टॅनफर्डच्या क्रिस्तियान गिल्मिनो यांनी 1993 मध्ये या प्रकाराला वेगळं नाव दिलं होतं, अप्पर एअरवे रेझिस्टन्स सिंड्रोम. म्हणजे ही माहिती काही कालपरवाची नाही. तो रिपोर्ट हातात आला तेव्हा मी लॅबच्या बाहेर बाकावर बसून रडले, आजार निघाला म्हणून नव्हे तर मी खोटं बोलत नव्हते हे कागदावर आलं म्हणून.

सीपॅप मशीन सुरू झालं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये दाखवून दिलेली साधी कल्पना आहे, हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवायचा. पण मशीन लिहून दिलं की उपचार झाला असं होत नाही हो. पहिले आठवडे मास्क गळतो, नाक कोरडं पडतं, गुदमरल्यासारखं होतं, माणूस झोपेत काढून फेकतो. सोडून देणारे बहुतेक जण याच काळात सोडतात आणि मशीन कपाटात जातं. त्या वेळी एक फोन, मास्कचा साइज बदलून बघा, ह्युमिडिफायर वाढवा, दाब सुरुवातीला कमी ठेवा, एवढं कोणी सांगितलं तर माणूस टिकतो. कोणाला जबडा पुढे धरून ठेवणारं दातांचं उपकरण जास्त मानवतं, कोणाचा त्रास फक्त उताणं झोपल्यावरच असतो, त्याला कुशीवर झोपून बरं पडतं, हे पर्यायही सांगावेत. मला मशीनने फरक पडला, चांगला पडला, सकाळची डोकेदुखी गेली, दुपारची गुंगी कमी झाली. पण पूर्ण बरी झाले असं नाही म्हणणार. काही लोकांना मशीन नीट वापरूनही पेंग उरते, हे माहीत असलेलं आहे, तेव्हा मशीनचे आकडे छान आहेत मग तुम्हाला बरं वाटलंच पाहिजे असं म्हणू नका. आकडे छान असतील तर अजून काही आहे का ते शोधायचं.

आणि अजून काही म्हणजे बरंच असतं. पाय. संध्याकाळी स्वस्थ बसलं की पायात वळवळतं का, हलवल्याशिवाय राहवत नाही का, चाललं की बरं वाटतं का? हा प्रश्न मला किती डॉक्टरांनी विचारला तर एकानेच. रेस्टलेस लेग्ज असलेल्या पेशंटचं हिमोग्लोबिन अगदी व्यवस्थित असू शकतं आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेलं असतं, या त्रासात फेरिटिन 75 च्या खाली असेल तरी आयर्नचा विचार करतात, जरी लॅबच्या कागदावर तो आकडा नॉर्मलच्या रकान्यात छापलेला असला तरी. तेव्हा नुसतं हिमोग्लोबिन बघून आयर्न ठीक आहे म्हणू नका. मग औषधं. पेशंट काय काय घेतो ते सगळं काढायला लावा, ॲलर्जीची जुनी गोळी, दुखण्यासाठी दिलेलं प्रीगाबालिन, बीपीचं बीटा ब्लॉकर, काही डिप्रेशनच्या गोळ्या, यातली काही दिवसाची गुंगी वाढवतात, काही पायांचा त्रास वाढवतात. आणि कृपा करून थकवा आहे, झोप तुटते म्हटल्यावर लगेच झोपेची गोळी लिहू नका. श्वास अडत असेल तर काही गोळ्यांनी घसा अजून सैल पडतो, आणि दुसऱ्या दिवशीचा जडपणा वाढतो तो वेगळाच. खरी निद्रानाशाची तक्रार असेल, म्हणजे झोप लागतच नाही, तर तिथेही गोळीच्या आधी सीबीटी-आय आहे, म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलायची थेरपी, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये तीच पहिला उपचार म्हणून सांगितली आहे.

शरीराच्या घड्याळाचं तर कोणी विचारतच नाही. सुट्टीत, कोणी उठवणारं नसेल तर किती वाजता झोपता, किती वाजता उठता, आणि तेव्हा ताजं वाटतं का? ज्याला पहाटे तीन ते सकाळी अकरा झोपलं की एकदम छान वाटतं आणि कामाच्या दिवशी सहाला उठून मेल्यासारखं होतं, त्याची झोप चांगली आहे, वेळ पुढे सरकलेली आहे. त्याला आळशी म्हणून त्याचं काही भलं होत नाही. सकाळचा उजेड, रात्रीचा अंधार, हळूहळू वेळ मागे आणणं, असं काम असतं ते.

तरुण मुलं वर्गात पेंगतात त्यांच्याबद्दल विशेष सांगते. हसताना गुडघे लटपटतात का, हातातलं पडतं का, झोप लागता लागता माणसं दिसतात का, जाग येते पण हलता येत नाही असं होतं का, हे विचारलं तर नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा आवरता न येणारी झोप येण्याचा मेंदूचा आजार, लवकर पकडली जाईल. ती बरेचदा किशोरवयात सुरू होते आणि निदान व्हायला अनेक वर्षं जातात, तोवर त्या मुलाला मठ्ठ, आळशी, रात्रभर मोबाईल बघणारा असं सगळं ऐकून झालेलं असतं. मेंदूतलं हायपोक्रेटिन कमी होऊन हे होतं, हे रसायन सापडलं 1998 मध्ये. याची तपासणी दिवसाची असते, रात्रीच्या टेस्टनंतर दर दोन तासांनी झोपायला लावतात, चार-पाच वेळा, आणि किती मिनिटांत झोप लागते ते बघतात. इडिओपॅथिक हायपरसोम्निया म्हणून अजून एक आहे, दहा-अकरा तास झोपूनही उठवत नाही, दुपारी दोन तास झोपलं तरी त्या झोपेने काडीचा फरक पडत नाही. हे दुर्मिळ आहेत मान्य, पण दुर्मिळ म्हणजे नाहीच असं नाही ना.

आता ज्यावर माझा खरंच जीव तुटतो ते, व्यायाम करा हा सल्ला. बऱ्याच जणांना तो उपयोगी आहे, मी नाही म्हणत नाही. पण एक प्रकारचा पेशंट असा असतो की त्याने आज जरा जास्त केलं, चाललं, बोललं, डोक्याचं काम केलं, तर उद्या किंवा परवा तो आडवा होतो आणि तिथून वर यायला दिवस, कधी आठवडे लागतात. एमई/सीएफएसचं, म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम या दीर्घ थकव्याच्या आजाराचं, हेच मुख्य लक्षण, आणि झोपून ताजं न वाटणं हेही त्याच्या निकषात आहे. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2015 मध्ये निकष मांडले, सहा महिन्यांच्या वर टिकणारा थकवा ज्याने आयुष्य आवळलं जातं, श्रमानंतर ढासळणं, ताजं न करणारी झोप, आणि सोबत विचार करायला त्रास किंवा उभं राहिल्यावर बिघडणं. कोविडनंतर असे लोक वाढलेत. ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेने 2021 मध्ये दर आठवड्याला ठरवून व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला या पेशंटसाठी काढून टाकला. तरी तो दिला जातो, पेशंट जिद्दीने करतो, आणि अजून खाली जातो. म्हणून व्यायाम सांगायच्या आधी एवढं विचारा, जास्त काम झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काय होतं? दोन सेकंदांचा प्रश्न आहे पण त्याने एखाद्याचं वर्ष वाचेल.

डिप्रेशनबद्दलही सांगते, कारण आमच्या फाईलवर शेवटी तोच शब्द येतो. डिप्रेशनने थकवा येतो, झोप बिघडते, हे खरं आणि ज्याला ते आहे त्याला उपचार मिळालेच पाहिजेत, त्यात लाज कसली. पण विचारून बघा, करावंसंच वाटत नाही का करावंसं खूप वाटतं आणि अंग साथ देत नाही? माझ्याकडे करायच्या गोष्टींची यादी कधी संपली नाही, संपायचं ते अंगातलं बळ. दोन्ही एकत्रही असतात, वर्षानुवर्षं दमलेला माणूस कधीतरी खचणारच. पण खचलाय म्हणून झोप बिघडली असं गृहीत धरून बाकीचं शोधणं बंद करू नका, उलटंही असू शकतं.

तपासण्यांना वेळ लागतो हे आम्हाला कळतं, पण तोपर्यंत जगायचं कसं ते कोणी सांगत नाही. मी जे शिकले ते इकडून तिकडून, दुसऱ्या पेशंटकडून, आणि मला वाटतं हे पहिल्या दिवशीच तुमच्याकडून यायला हवं होतं. पहिलं म्हणजे गाडी. पेंग येत असेल तर गाडी चालवू नका हे स्पष्ट शब्दांत सांगा, खिडकी उघडून किंवा गाणी मोठी लावून पेंग जात नाही, बाजूला घेऊन थांबणं एवढंच आहे. सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते असं अभ्यासांतून दिसलंय, मग रोज रात्री झोप मोडणाऱ्याचं काय होत असेल. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, मलाही आवडलं नव्हतं, पण डॉक्टरांनी सांगितलं की माणूस ऐकतो.

मग उठायची वेळ. झोपायची वेळ आपल्या हातात नसते पण उठायची बऱ्यापैकी असते, ती रोज एकच ठेवली, सुट्टीतही, तर निदान घड्याळ तरी डळमळत नाही. उठल्यावर खिडकीशी किंवा बाहेर उजेडात. दुपारची डुलकी पंधरा-वीस मिनिटांची, तीनच्या आधी, अलार्म लावून. ज्याला डुलकीने अजून जड होतं त्याने नुसतं डोळे मिटून शांत पडावं. चहा-कॉफीतलं कॅफीन अर्धं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणून दुपारनंतर नको, आणि मुळात कॅफीन थकवा भरून काढत नाही, मेंदूला तो कळू देत नाही एवढंच. दारूने झोप लवकर लागल्यासारखं वाटतं आणि मध्यरात्रीनंतर तीच झोप फाटते, घोरणं वाढतं. मनगटावरच्या घड्याळाचे गाढ झोपेचे आकडे बघून रोज सकाळी खचून जाऊ नका हेही सांगा पेशंटला, किती तास झोपलो एवढ्यापुरतं ते बरं आहे, गाढ-हलकीचा हिशोब त्याला नीट जमत नाही.

आणि दिवसाची मांडणी. माझं डोकं सगळ्यात बरं चालतं ते दुपारी बारा ते तीन, म्हणून हिशोबाची, जोखमीची कामं तेव्हाच, सकाळी फक्त हाताची कामं. जे लक्षात ठेवायचं ते लगेच लिहून ठेवते. बरं वाटलं त्या दिवशी साचलेलं सगळं उरकायचा मोह आवरते, हे सगळ्यात कठीण जातं कारण बरं वाटलेला दिवस क्वचित येतो आणि त्या दिवशी जगून घ्यावंसं वाटतं. कोणी बोलावलं तर दरवेळी हो म्हणत नाही. यामुळे नाती ताणली जातात, लोक म्हणतात हिला कुठे यायचंच नसतं. तिथे तुमच्या शब्दाला फार वजन असतं. नवऱ्याला, सासूला, बॉसला आम्ही शंभरदा सांगून पटत नाही ते तुम्ही एका वाक्यात पटवता. कामाची वेळ तासभर पुढे सरकवावी अशी दोन ओळींची चिठ्ठी तुम्ही दिलीत तर एखाद्याची नोकरी टिकेल. देत चला ती.

तुमच्याकडे वेळ नाही हे मला दिसतं. बाहेर गर्दी असते, प्रत्येकाला पाच-सात मिनिटं, त्यात तापाची पोरं, बीपीवाले, छातीत दुखणारे. थकव्याचा पेशंट त्यात कटकटीचा वाटणार, कारण त्याच्याकडे दाखवायला काही नसतं. म्हणून मी मोठं काही मागत नाहीये. थकवा सांगणाऱ्या पेशंटला ताजं वाटतं का ते विचारा. नाही म्हणाला तर प्रश्नावली द्या आणि परत बोलवा, येताना रात्री शेजारी झोपणाऱ्याला घेऊन यायला सांगा. माझा श्वास अडतो हे सगळ्यात आधी माझ्या नवऱ्याला माहीत होतं, तो रात्री ऐकत पडायचा, आवाज थांबला की हलवायचा मला, आणि त्याला हे डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे असं वाटलंच नाही कारण त्याला कोणी आत बोलावलंच नाही. शेजारी कोणी नसेल तर मोबाईलवर रात्रीचा आवाज रेकॉर्ड करून आणायला सांगा, फुकटात होतं. दोन आठवडे झोपायची-उठायची वेळ आणि सकाळी कसं वाटलं हे वहीत लिहायला सांगा. तुमच्याच्याने पुढचं होणार नसेल तर तसं सांगा आणि झोपेचं काम करणाऱ्या डॉक्टरकडे पाठवा, आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते रिपोर्ट नॉर्मल म्हणून फाईल हातात परत मिळते तेव्हा.

रिपोर्ट नॉर्मल आले तर एवढंच म्हणा की या तपासण्यांत कारण सापडलं नाही, अजून शोधू. घरी जाऊन आम्हाला तेच वाक्य सगळ्यांना सांगायचं असतं.

आपली,
तुमच्याच ओपीडीत नंबर लावून बसणारी एक पेशंट